इव्हान पाव्हलॉव्ह : लाळेच्या थेंबापासून मेंदूच्या दारापर्यंत

(जयंती विशेष)

नवी दिल्ली, २६ सप्टेंबर : चिंचेचे नुसते नाव काढले तरी तोंडाला पाणी सुटते. हा अनुभव इतका नित्याचा आहे की मराठीत त्याचा वाक्प्रचारच झाला. पदार्थ जिभेवर टेकण्याआधीच हे पाणी का सुटते, कोणत्या पदार्थाला किती सुटते आणि ते सोडण्याचा हुकूम कोठून येतो, या प्रश्नांसाठी एका माणसाने आयुष्य वेचले. रशियाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पेत्रोविच पाव्हलॉव्ह यांची आज जयंती.

घंटा वाजताच लाळ गाळणारा कुत्रा, एवढ्याच चित्रात पाव्हलॉव्ह यांचे नाव जगभर अडकून पडले आहे. शाळा-महाविद्यालयांच्या मानसशास्त्राच्या पुस्तकांत ते याच प्रयोगासाठी भेटतात. प्रत्यक्षात १९०४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते पचनग्रंथींवरील संशोधनासाठी. मेंदूच्या अभ्यासाकडे ते वळले तेही लाळग्रंथीच्या वाटेनेच. ही वाट समजून घेतल्याशिवाय पाव्हलॉव्ह समजत नाहीत.

धर्मगुरूच्या घरातून प्रयोगशाळेकडे

मॉस्कोच्या आग्नेयेस असलेल्या रियाझान या गावी २६ सप्टेंबर १८४९ रोजी पाव्हलॉव्ह यांचा जन्म झाला. वडील प्योत्र हे तेथील ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मगुरू होते. घरात खाणारी तोंडे बरीच आणि उत्पन्न बेताचे. लहानपणी उंचावरून पडल्याने इव्हान यांना गंभीर दुखापत झाली आणि त्यांचे शिक्षण लांबले. वयाच्या अकराव्या वर्षी ते प्रथम शाळेत गेले. पुढे वडिलांच्याच वाटेने जायचे म्हणून त्यांना धर्मशिक्षणाच्या विद्यालयात घालण्यात आले.

तो काळ रशियात वैचारिक खळबळीचा होता. भूदासप्रथा नुकतीच संपुष्टात आली होती आणि नव्या पिढीला विज्ञानाचे वेड लागले होते. इव्हान सेचेनोव्ह यांनी १८६३ मध्ये मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवर लिहिलेला ग्रंथ तरुण पाव्हलॉव्ह यांच्या हाती पडला. मनाचे व्यापारही शरीराच्या नियमांनी तपासता येतील, ही त्यातील कल्पना त्यांच्या मनात कायमची रुजली. धर्मशिक्षण अर्धवट सोडून १८७० मध्ये ते सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात दाखल झाले.

तेथे त्यांना इल्या त्सिऑन हे गुरू लाभले. त्सिऑन यांचा शस्त्रक्रियेतील हात विलक्षण सफाईदार होता आणि तीच सफाई शिष्याने आत्मसात केली. पाव्हलॉव्ह मुळात डावखुरे. पण दोन्ही हातांनी सारख्याच सहजतेने शस्त्र चालवीत. स्वादुपिंडाच्या चेतांवर एका सहाध्यायासह केलेल्या अभ्यासाबद्दल विद्यार्थिदशेतच त्यांना सुवर्णपदक मिळाले. परंतु विद्यार्थ्यांच्या असंतोषामुळे त्सिऑन यांना पद सोडावे लागले आणि त्यांच्या हाताखाली मिळू घातलेली साहाय्यकाची जागाही गेली. गुरूच्या जागी आलेल्या प्राध्यापकाकडे काम करणे पाव्हलॉव्ह यांनी नाकारले. या मानी स्वभावाची किंमत त्यांना पुढे बराच काळ मोजावी लागली.

हलाखीची दशके

वैद्यकाची पदवी १८७९ मध्ये हाती आली. विख्यात वैद्य सेर्गेई बोत्किन यांच्या रुग्णालयाशी जोडलेल्या लहानशा प्रयोगशाळेत ते काम पाहू लागले. १८८१ मध्ये सेराफिमा कार्चेव्हस्काया यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार मांडायलाही पैसे नव्हते. काही काळ पती-पत्नींना वेगळे राहावे लागले. पहिले अपत्य बालपणीच दगावले. याच सुमारास विद्यार्थ्यांनी व्याख्यानांच्या निमित्ताने वर्गणी काढून त्यांना मदत देऊ केली आणि ती रक्कम त्यांनी प्रयोगासाठी कुत्रे आणण्यात खर्च केली, अशी आठवण त्यांच्या शिष्यवर्गात सांगितली जात असे.

हृदयाच्या चेतांवरील प्रबंधासाठी १८८३ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यानंतरची दोन वर्षे जर्मनीत गेली. लाइपझिग येथे कार्ल लुडविग आणि ब्रेस्लाउ येथे रुडोल्फ हायडेनहाइन या दोन दिग्गजांच्या प्रयोगशाळांत त्यांनी काम केले. चेतेला उद्दीपन दिले की लाळग्रंथी स्रवते, हे लुडविग यांनी १८५०च्या सुमारास दाखविले होते. हायडेनहाइन यांचे नाव जठर आणि स्वादुपिंडाच्या ग्रंथींवरील अभ्यासासाठी गाजलेले होते. पाव्हलॉव्ह यांच्या पुढील कार्याचे धागे या दोन्ही ठिकाणी सापडतात.

स्थैर्य आले ते वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. १८९० मध्ये सैनिकी वैद्यक अकादमीत त्यांना प्राध्यापकपद मिळाले आणि पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गच्या नव्या प्रायोगिक वैद्यक संस्थेतील शरीरक्रियाशास्त्र विभाग त्यांच्याकडे सोपविण्यात आला. हा विभाग त्यांनी अखेरपर्यंत, म्हणजे ४५ वर्षे सांभाळला. १८९३ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांनी या संस्थेला १० हजार रूबलची देणगी दिली आणि तिचा उपयोग प्रयोगशाळेची इमारत वाढविण्यासाठी झाला. ज्यांच्या नावाचे पारितोषिक पुढे पाव्हलॉव्ह यांना मिळायचे होते, त्यांच्याच पैशातून त्या संशोधनाला छप्पर मिळाले, असा हा योगायोग.

निरोगी प्राण्याचाच दाखला

शरीरातील ग्रंथी ढोबळमानाने दोन प्रकारच्या. काही आपला स्राव थेट रक्तात सोडतात, त्या अंतःस्रावी. काही ग्रंथींचा स्राव वाहिनीवाटे एखाद्या पोकळीत किंवा पृष्ठभागावर येतो, त्या बहिःस्रावी. लाळग्रंथी, अश्रुग्रंथी, घर्मग्रंथी, जठराच्या अस्तरातील ग्रंथी आणि स्वादुपिंडाचा मोठा भाग या दुसऱ्या वर्गात मोडतात. अन्नाचे पचन सर्वस्वी यांच्यावर अवलंबून असते. पण त्यांचे काम शरीराच्या आत, नजरेआड चालते. ते पाहायचे कसे, हा एकोणिसाव्या शतकातील मोठा पेच होता.

तोपर्यंतची रीत अशी, की प्राण्याला बेशुद्ध करून त्याचे पोट उघडायचे, इंद्रिये न्याहाळायची आणि थोड्या वेळात प्राणी मरून जायचा. या रीतीवर पाव्हलॉव्ह यांचा मूलभूत आक्षेप होता. भूल, वेदना आणि रक्तस्राव यांनी गांजलेल्या शरीरात ग्रंथी आपले नेहमीचे काम करीत नाहीत. म्हणून शस्त्रक्रिया आधी करावी, प्राण्याला पूर्ण बरे होऊ द्यावे आणि मग तो खात-पीत, हिंडत-फिरत असताना महिनोन्‌महिने निरीक्षण करावे, ही त्यांची पद्धत. त्यासाठी प्रयोगशाळेत त्यांनी माणसांच्या रुग्णालयासारखा निर्जंतुक शस्त्रक्रियाकक्ष आणि कुत्र्यांच्या शुश्रूषेसाठी स्वतंत्र खोल्या उभारल्या.

१८८९ मध्ये येकातेरिना शुमोव्हा-सिमानोव्हस्काया या डॉक्टर महिलेसह केलेला प्रयोग या पद्धतीचा उत्तम नमुना ठरला. कुत्र्याची अन्ननलिका गळ्याजवळ छेदून तिची दोन्ही टोके त्वचेशी जोडली आणि जठरालाही एक नळी बसविली. कुत्रा चवीने खाई. पण गिळलेला घास गळ्यातील छिद्रातून बाहेर पडे, पोटात कणही जात नसे. तरीही सुमारे पाच मिनिटांत रिकाम्या जठरातून शुद्ध जठररस वाहू लागे. मेंदूपासून जठरापर्यंत जाणाऱ्या व्हेगस या चेता कापल्या, की हा स्राव थांबत असे. भूक आणि चव यांचा संदेश चेतांवाटे ग्रंथींपर्यंत पोहोचतो, याचा हा निर्विवाद पुरावा होता.

पुढची पायरी आणखी कठीण होती. हायडेनहाइन यांनी जठराचा एक भाग वेगळा करून त्याची लहान पिशवी बनविली होती. मात्र तसे करताना तिच्या चेता तुटत. पाव्हलॉव्ह यांनी चेता शाबूत ठेवून अशी पिशवी तयार करण्याचा ध्यास घेतला. अनेक प्रयत्न फसले, बरेच कुत्रे दगावले. १८९४ मध्ये द्रुझोक नावाच्या कुत्र्यावरची शस्त्रक्रिया यशस्वी झाली. रशियन भाषेत या नावाचा अर्थ छोटा मित्र असा होतो. मोठ्या जठरात अन्न पचत असताना छोट्या पिशवीत निर्मळ रस जमा होई आणि तो तासातासाला मोजता येई. मांस, पाव आणि दूध या तिन्हींच्या वेळी रस स्रवण्याचा क्रम निरनिराळा असल्याचे त्यातून दिसले. पावासाठी येणाऱ्या रसाची पाचकशक्ती सर्वांत प्रखर होती.

स्वादुपिंडाच्या बाबतीत तर एका कुत्र्यानेच संशोधकांना वाट दाखविली. वाहिनीचे तोंड पोटाच्या त्वचेवर आणल्यावर झिरपणारा रस आजूबाजूची कातडीच पचवू लागे आणि जखमा चिघळत. एका रात्री अशाच एका कुत्र्याने भिंतीचा गिलावा उकरून काढला आणि त्या भुग्यावर तो झोपला. सकाळी पाहिले तर त्याची त्वचा कोरडी होती. भुग्याने रस शोषून घेतला होता. तेव्हापासून अशा कुत्र्यांसाठी सच्छिद्र भुग्याचे अंथरूण घातले जाऊ लागले. रस सतत बाहेर वाहून गेल्याने ढासळणारी त्यांची प्रकृती विशेष आहार आणि सोडा देऊन सावरण्यात आली.

हे एकट्याचे काम नव्हते. १८९१ ते १९०४ या काळात शंभराच्या आसपास संशोधक, त्यांत बहुतांश तरुण डॉक्टर, या प्रयोगशाळेत येऊन गेले. प्रत्येकाला एक नेमका प्रश्न दिला जाई आणि प्रत्येकाच्या नोंदी पाव्हलॉव्ह स्वतः तपासत. कुत्र्यांचा शुद्ध जठररस गाळून अपचनावरील औषध म्हणून विकला जाई. वर्षाकाठी हजारो बाटल्या खपत आणि त्या उत्पन्नावर प्रयोगशाळेचा मोठा खर्च भागे. या सगळ्या कामाचे सार पाव्हलॉव्ह यांनी १८९७ मध्ये मुख्य पचनग्रंथींच्या कार्यावरील व्याख्यानांच्या ग्रंथात मांडले. पुढच्याच वर्षी त्याचा जर्मन अनुवाद निघाला आणि त्यांची कीर्ती युरोपभर पसरली.

लाळेचा चोख हिशेब

माणसाच्या तोंडात लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या असतात : कानाजवळची, जबड्याखालची आणि जिभेखालची. दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ त्या तयार करतात. कुत्र्यांतही अशाच ग्रंथी असून त्यांच्या वाहिन्या तोंडात उघडतात. १८९५च्या सुमारास पाव्हलॉव्ह यांचे सहकारी ग्लिन्स्की यांनी वाहिनीचे तोंड हलक्या हाताने सोडवून ते गालाच्या बाहेरच्या बाजूला जोडण्याची युक्ती काढली. तेथे काचेचे छोटे नरसाळे चिकटवले, की लाळेचा थेंब न्‌ थेंब मोजता येई. ही शस्त्रक्रिया जठराच्या मानाने अगदी सौम्य होती आणि त्या कुत्र्याच्या नित्यक्रमात फारसा फरक पडत नसे.

यातून हाती आलेली निरीक्षणे थक्क करणारी होती. ओलसर मांसापेक्षा कोरड्या पावाला कितीतरी जास्त लाळ येई. अन्नासाठी येणारी लाळ दाट व बुळबुळीत असे. त्यामुळे घास गिळणे सुकर होई. तोंडात वाळू टाकली तर पातळ, पाण्यासारखी लाळ भरपूर सुटे, कारण वाळू धुऊन काढायची असे. गुळगुळीत खडे टाकले तर मात्र लाळ जवळजवळ येतच नसे. खडे जिभेने ढकलून सहज बाहेर टाकता येतात, तेथे पाण्याचे कामच काय? आलेला पदार्थ कोणता, त्याचे काय करायचे, हे ओळखून ग्रंथी आपला स्राव बदलते, असा हा हिशेब होता.

येथेच एक अडचण उभी राहिली. पदार्थ तोंडात जाण्याआधी, तो नुसता दिसला तरी लाळ येई. एवढेच नव्हे, तर रोज खाऊ घालणाऱ्या माणसाच्या पावलांची चाहूलही पुरे. आणि दुरून दाखविलेल्या वाळूला पातळ, तर दुरून दाखविलेल्या अन्नाला दाट लाळ सुटे. पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत याला प्रथम मानसिक स्राव म्हटले जाई. कुत्र्याची इच्छा, त्याचा विचार अशा भाषेत त्याचा अर्थ लावण्याचे प्रयत्न झाले, सहकाऱ्यांत तीव्र मतभेदही झाले. अखेर पाव्हलॉव्ह यांनी ठाम भूमिका घेतली. कुत्र्याच्या मनात काय चालले आहे याची कल्पना करीत बसण्यापेक्षा, बाहेरची कोणती खूण आणि लाळेचे किती थेंब, एवढेच मोजायचे. तरुणपणी वाचलेल्या सेचेनोव्ह यांच्या विचाराला आता मोजपट्टी मिळाली होती.

या भूमिकेतून अभिसंधित प्रतिक्षेपाची संकल्पना आकाराला आली आणि १९०३ मध्ये माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत त्यांनी ती जगापुढे मांडली. अन्नाआधी वारंवार एखादी खूण दिली, की पुढे त्या खुणेलाच लाळ येते; खूण देऊन अन्न दिलेच नाही, तर ती लाळ हळूहळू आटते. या प्रयोगांत घंटेपेक्षा मेट्रोनोम, विजेचा गुंजारव, दिव्याचा प्रकाश, त्वचेवरील स्पर्श अशा नेमकेपणाने बदलता येणाऱ्या खुणांचा वापर अधिक होता. लाळग्रंथी या साऱ्यात मापनयंत्राचे काम करीत होती. मेंदूत काय घडते, ते गालावरच्या नरसाळ्यात उतरत होते.

सन्मान आणि माघार

नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले ते पहिले रशियन. मात्र त्याच सुमारास त्यांच्या सिद्धान्ताला एक धक्काही बसला होता. स्वादुपिंडाचा स्राव सर्वस्वी चेतांच्या ताब्यात असतो, असे ते मानत. १९०२ मध्ये लंडनच्या विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी दाखवून दिले, की चेता तोडल्यानंतरही आतड्यात आम्ल गेले की तेथून एक द्रव्य रक्तात उतरते आणि स्वादुपिंडाला स्रवण्यास भाग पाडते. सिक्रेटिन नावाने ओळखले जाणारे हे द्रव्य हार्मोनच्या कल्पनेचा आरंभ ठरले. पाव्हलॉव्ह यांनी आपल्या प्रयोगशाळेत हा प्रयोग करवून पाहिला आणि त्याचा निष्कर्ष मान्य केला. आयुष्यभराच्या मांडणीला मुरड घालण्याचा प्रसंग होता. पण समोर घडलेले नाकारणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

सत्तेपुढे ताठ कणा

१९१७ च्या क्रांतीनंतर रशियात उपासमार आली. प्रयोगशाळेत उजेड नव्हता, सरपण नव्हते. कुत्रे अन्नावाचून मरू लागले. नोबेलच्या रकमेची बचतही क्रांतीत बुडाली. सत्तरी ओलांडलेले पाव्हलॉव्ह संस्थेच्या जागेत भाजीपाला पिकवीत होते. १९२० मध्ये त्यांनी देश सोडण्याची परवानगी मागितली. जगद्विख्यात शास्त्रज्ञ निघून जाणे नव्या राजवटीला परवडणारे नव्हते. जानेवारी १९२१ मध्ये लेनिन यांच्या स्वाक्षरीने त्यांच्या संशोधनासाठी खास सोयी पुरविण्याचा हुकूम निघाला.

सरकारी आश्रय मिळूनही त्यांचा आवाज दबला नाही. व्याख्यानांतून ते राजवटीवर उघड टीका करीत. धर्मगुरूंच्या मुलांना सैनिकी वैद्यक अकादमीतून काढून टाकण्यात आले, तेव्हा आपणही धर्मगुरूचेच पुत्र आहोत, याची आठवण देत त्यांनी प्राध्यापकपद सोडले. १९३४ च्या अखेरीस सुरू झालेल्या अटकसत्राचा त्यांनी सरकारला पत्र लिहून निषेध केला आणि अनेकांच्या सुटकेसाठी रदबदली केली. त्या काळात असे लिहिणे म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याला पुरेपूर ठाऊक होते.

ऑगस्ट १९३५ मध्ये लेनिनग्राड येथे आंतरराष्ट्रीय शरीरक्रियाशास्त्र परिषद भरली आणि तिच्या अग्रस्थानी पाव्हलॉव्ह होते. त्याच वर्षी प्रायोगिक वैद्यक संस्थेच्या आवारात कुत्र्याचे स्मारक उभे राहिले. ज्या मुक्या जिवांच्या शरीरावर हे ज्ञान उभे राहिले, त्यांचे ऋण तेथे दगडात नोंदले गेले. प्राण्यांवरील प्रयोगांकडे आज जग अधिक कठोरपणे पाहते. पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांनी मोजलेली किंमत त्यांच्या गुणगौरवात विसरता येत नाही. २७ फेब्रुवारी १९३६ रोजी न्यूमोनियाने पाव्हलॉव्ह यांचे निधन झाले. ते ८६ वर्षांचे होते.

आजच्या रुग्णासाठी

या संशोधनाचा धागा आजच्या दवाखान्यापर्यंत येतो. जठरातील आम्ल कमी व्हावे म्हणून व्हेगस चेता कापण्याची शस्त्रक्रिया शिकागोच्या लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी १९४३ पासून अल्सरच्या रुग्णांवर सुरू केली आणि प्रभावी औषधे येईपर्यंत ती दीर्घकाळ प्रचलित राहिली. तिचे मूळ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगात आहे.

लाळेचे महत्त्वही ती आटल्यावरच कळते. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये वर्णन केलेल्या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अश्रू व लाळग्रंथींवर हल्ला करते. डोळे खुपतात, घास गिळवत नाही, दात झपाट्याने किडतात. डोके व मानेच्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्यांनाही तोंडाच्या कोरडेपणाचा त्रास होतो. तंबाखूच्या सवयीमुळे तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतात असे रुग्ण थोडे नाहीत. कानाजवळच्या लाळग्रंथीला कमीत कमी इजा होईल अशा रीतीने किरणांची दिशा व मात्रा आखणे, हे आधुनिक उपचारांचे एक उद्दिष्ट आहे. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांवरील काही औषधांनीही लाळ कमी होते. म्हणून कोरड पडण्याची तक्रार किरकोळ न मानता डॉक्टर किंवा दंतवैद्याला सांगणे हिताचे ठरते.

ग्रंथी निरोगी असावी, तिच्या चेता शाबूत असाव्यात आणि प्राणी आपल्या नेहमीच्या जीवनक्रमात असावा. तरच तिचे खरे काम दिसते, हा पाव्हलॉव्ह यांचा आग्रह होता. सव्वाशे वर्षांनंतर लाळग्रंथी वाचविण्यासाठी झटणाऱ्या वैद्यकालाही याच आग्रहापासून सुरुवात करावी लागते.